पाणी जाते कुठं

रोज सकाळी अर्धा लिटर.
झाकण उघडायचं, आत बोट घालायचं,
बोट कोरडं आलं की हिरवं कूलंट ओतायचं
आणि फवारणीला निघायचं.
असे अकरा दिवस.
अठरा हॉर्सपॉवरचा एवढासा ट्रॅक्टर,
संत्र्याच्या दोन ओळींतून फांदी न मोडता जातो
म्हणून घेतलेला.
तो पितो किती ते मी वहीत लिहीत होते,
सांडतो कुठं ते लिहायला जागा कोरीच.

सासरे म्हणाले, "इंजिनच पेत असन."
शेजारचा ज्ञानू म्हणाला, "उन्हानं उडते, वयनी."

होजच्या क्लिपा आवळल्या.
रेडिएटरला साबणाचा फेस फासला.
जुन्या झाकणात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून
पोराच्या सायकलच्या पंपानं हवा भरली.
आत कुणीतरी सुस्कारा टाकत होतं,
पण कुठं, ते कळेना.

रात्री कुत्र्याला बांधलं,
कारण हे पाणी गोड असतं, आणि विष असतं.
ट्रॅक्टरखाली पेपर अंथरला.
सकाळी एक हिरवा डाग तुरीच्या भावाखाली,
दुसरा हातभर दूर, निधनवार्तांत,
तिसरा पार चाकाजवळ.
तीन डागांवरून नजर वर नेली
तर तिन्ही तीन गावांना जात होत्या.

जरुडहून शालिक आला.
पाना घेतला नाही, पिशवीही उघडली नाही.
इंजिन चालू करून उकिडवा बसला,
पाटाचं पाणी कुठवर आलं ते पाहत
माणूस धुऱ्यावर बसतो तसा.
मग इंजिन बंद. पंख्याच्या पात्यामागून बोट फिरवलं.
बोट हिरवं.

"पंखा फेकते, बाई.
थेंब पडते तिथं काईच नसते. वर पाहा."

वर वॉटर पंप. त्याच्या पोटाखाली
त्यानं दाढीचा आरसा धरला,
मी मोबाइलचा उजेड.
राखाडी लांबीचा गोळा,
त्यावर अंगठ्याचा ठसा.

"हे कोनं बुजवलं?"

ज्ञानूनं माझ्याकडे पाहिलं, सासऱ्यांनी ज्ञानूकडे.
मागच्या पोळ्याला तिथं एक भोक दिसलं होतं,
भोकाच्या ओठावर एक थेंब.
एम-सील मळून मी ते चेपून टाकलं
आणि दिवसभर खुशीत होते.
"म्या," म्हणाले.

शालिक हसला नाही.
लांबी टोकरत राहिला.
"कंपनीनंच ठेवलं हाय हे भोक.
आतला सील गेला का इथून थेंब सोडते,
मालकाले समजाव म्हणून.
तुमी तोंड दाबलं,
मंग थे पानी बेरिंगमंधी घुसलं."
त्यानं पंखा हलवला.
तो सैल दातासारखा हलला.

नवा पंप वरुडहून दुपारच्या एसटीनं आला,
ड्रायव्हरच्या डब्याशेजारी बसून.
संत्र्याच्या पेटीच्या पुठ्ठ्याला पाच भोकं पाडून
पाच बोल्ट त्याच जागी खोचून ठेवले.
एक बोल्ट बाकीच्यांहून लांब,
त्याची जागा चुकवायची नाही.
जुनं गॅस्केट खरवडायचं काम माझ्याकडे:
अर्धं ब्लेड, दीड तास,
कागद असून दगड झालेला.
बोल्ट आवळताना शालिक घाई करू देईना.
थोडा हा, थोडा समोरचा, पुन्हा हा.
कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं,
बुडबुडे आले, येत राहिले,
मग विरळ झाले, मग एक,
मग पाण्यात फक्त टिनांचं छप्पर.

शालिकनं चहा घेतला, दोन संत्री खिशात टाकली.

रात्री जेवताना सासरे एकदम म्हणाले,
डाव्या कानानं ऐकू येत नाही,
संक्रांतीपासून.
कुणी विचारलं नव्हतं.
मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

सकाळी पेपर कोरडा.
तिथंच बसून वाचला, तूर वीस रुपयांनी चढली होती.
वहीत लिहिलं, शून्य.
मग आरसा घेऊन वाकले, उगाच,
नव्या पंपाच्या पोटाखाली.
भोक उघडं होतं.
आत अंधार, आणि काही नाही.